तळहाताएवढ्या रोबोला किती कळायला हवं?

सोळा बाय सोळा घरांचा चक्रव्यूह. प्रत्येक घर १८ सेंटिमीटर लांब-रुंद, भिंती ५ सेंटिमीटर उंच. एका कोपऱ्यात मुठीत मावेल असा रोबो ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. मग रिमोट नाही, वायर नाही, बाहेरून कुणी काही सांगायचं नाही. आधी फिरून त्यानं वाटा शोधायच्या, त्या लक्षात ठेवायच्या आणि नंतर मधल्या चार घरांपर्यंत जमेल तितक्या वेगानं धाव मारायची. ‘मायक्रोमाउस’ या नावानं ही स्पर्धा जगभर ओळखली जाते. अमेरिकेतल्या ‘आयईईई स्पेक्ट्रम’ मासिकानं १९७७ मध्ये तिची घोषणा केली, १९७९ मध्ये न्यूयॉर्कला अंतिम फेरी झाली आणि १९८० मध्ये जपाननं आपली स्पर्धा सुरू केली. पवईच्या आयआयटीतल्या टेकफेस्टमुळे आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनाही ती परिचयाची झाली.

न्यूयॉर्कच्या त्या फेरीत एक गोष्ट घडली, आणि लहान रोबोंच्या साऱ्या विषयाची किल्ली मला तिच्यात दिसते. त्या वेळी चक्रव्यूहातून बाहेर पडायची वाट कडेला होती. वाटा लक्षात ठेवणारी, हिशेब करणारी यंत्रं आली होती. पण एका बाजूची भिंत धरून नुसतं पळत सुटणारं यंत्र त्यांना भारी पडलं. पुढे युरोपातल्या संयोजकांनी शेवटचं ठिकाण मध्यभागी नेलं, म्हणजे भिंत धरून चालणाऱ्याला तिथे पोचता येऊ नये. दिलेल्या कामाला एका भिंतीचं भान पुरत होतं, म्हणून जास्त समजणाऱ्यांचा वेळ वाया गेला. काम बदललं तेव्हा मात्र स्मरणशक्तीला किंमत आली.

रोबो जितका लहान, तितकी त्याची प्रत्येक जाणीव महाग होत जाते. पैशांत नव्हे, सेन्सर तर आता चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतात. महाग होते ती बॅटरीत, वजनात, मेमरीत आणि वेळेत. चारचाकी गाडीवर बारा कॅमेरे चढवले तरी इंजिनाला त्याचं ओझं वाटत नाही. तळहातावरच्या रोबोत एक कॅमेरा बसवला की बॅटरी मोठी लागते, बॅटरी मोठी झाली की मोटार मोठी लागते, आणि बघता बघता रोबो तळहातावरून उतरतो. म्हणून या क्षेत्रातलं जे काम खरोखर टिकलं, ते ‘या कामापुरतं कमीत कमी काय कळलं पाहिजे’ या प्रश्नापासून सुरू झालेलं आहे. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतल्या कामाकडे मी त्याच अंगानं पाहतो आहे.

मी कोल्हापूरजवळच्या कळंब्यात राहतो. गारगोटी रस्त्यावरचं हे गाव बाहेरच्यांना तलावामुळे आणि मध्यवर्ती कारागृहामुळे माहीत असतं. कळंबा रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे, जिल्ह्यात इंजिनिअरिंगची बरीच कॉलेजं आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या एका हॉलमध्ये आयटीआयची व डिप्लोमाची काही मुलं-मुली रोबो घेऊन जमतात. बहुतेकांची सुरुवात लाइन फॉलोअरनं होते: पांढऱ्या जमिनीवर काळी पट्टी, आणि त्या पट्टीवरून आपोआप चालणारी दोन चाकांची गाडी. खेळणं वाटतं, पण सेन्सर आणि कंट्रोल यांतला जवळजवळ प्रत्येक कठीण प्रश्न त्या पट्टीवर उभा असतो.

लाइन फॉलोअरच्या पोटाखाली टीसीआरटी ५००० नावाचे सेन्सर ओळीनं बसवलेले असतात. त्यात एक एलईडी ९५० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश खाली सोडतो आणि शेजारचा फोटोट्रान्झिस्टर परत आलेला प्रकाश मोजतो. पांढऱ्यावरून जास्त परततो, काळ्यावरून कमी. हा सेन्सर जमिनीपासून अडीच मिलिमीटरवर सर्वांत चांगलं काम करतो; दीड सेंटिमीटरच्या पुढे त्याच्या आकड्यांत दम उरत नाही. चाकं मोठी लावून सेन्सर उंचावर गेले की अर्धी स्पर्धा तिथेच हातातून जाते, आणि मुलं मात्र कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आमच्या हॉलला पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या आहेत. सकाळी मुकाट चालणारा रोबो दुपारी चारच्या सुमाराला ठरावीक वळणावर पट्टी सोडतो. “सर, सकाळी बरोबर चालत होता,” हे वाक्य त्या वेळी ठरलेलं. खिडकीतून तिरपं ऊन नेमकं त्या वळणावर पडलेलं असतं. सेन्सरवरचा काळसर फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतो, पण उन्हातल्या इन्फ्रारेडला तो वाट देतो. त्यामुळे काळी पट्टीही सेन्सरला उजळ वाटू लागते. हॉलमधल्या एलईडी ट्यूबांमध्ये इन्फ्रारेड जवळजवळ नसतं, म्हणून रात्री हा त्रास होत नाही. जुन्या पिवळ्या बल्बखाली मात्र तो पुन्हा होतो.

यावर पडदा ओढणं हा उपाय सगळ्यांना सुचतो. चांगला उपाय कोडच्या चार ओळींचा आहे. एलईडी बंद ठेवून एकदा वाचायचं, लगेच चालू करून दुसऱ्यांदा वाचायचं आणि वजाबाकी करायची. पहिल्या वाचनात फक्त ऊन असतं, दुसऱ्यात ऊन आणि आपला प्रकाश दोन्ही. उरतो तो आपला प्रकाश. हे चालायला एलईडीची पिन मायक्रोकंट्रोलरच्या ताब्यात हवी, आणि ऊन इतकं प्रखर नको की फोटोट्रान्झिस्टर आधीच भरून जाईल. बाजारात मिळणाऱ्या तयार सेन्सर-पट्ट्यांपैकी बऱ्याचशांमध्ये एलईडी कायम पेटता ठेवलेला असतो आणि पोटेन्शियोमीटर फिरवून काळ्या-पांढऱ्याची सीमा एकदाच ठरवायची सोय असते. एकदा ठरवलेली सीमा दिवसभर खरी राहील हे गृहीतच तिथे चुकतं.

दुसरा धडा फ्लेक्सनं शिकवला. इलेक्ट्रिकच्या कामाची काळी टेप चिकटवण्याऐवजी पूर्ण ट्रॅक फ्लेक्सवर छापून आणला की दिसायला देखणा होतो. पण काही काळ्या शाया फक्त डोळ्यांना काळ्या असतात. इन्फ्रारेडला त्या जवळजवळ पांढऱ्या भासतात. कार्बनचा काळा रंग असेल तर इन्फ्रारेड शोषलं जातं, रंगद्रव्यांच्या मिश्रणातून आलेला काळा असेल तर भरवसा नाही. मुलांना सगळ्यांत मोठं आश्चर्य याच ठिकाणी वाटतं: समोर ढळढळीत काळी रेघ दिसते आहे आणि रोबो ती ओलांडून निघून जातो. त्याचं जग वेगळ्या प्रकाशाचं आहे, हे त्या क्षणी पटतं.

अंतर मोजायच्या सेन्सरांचीही हीच कथा. स्वस्त आणि लोकप्रिय एचसी-एसआर०४ चाळीस किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळानं आला यावरून अंतर काढतो. दोन सेंटिमीटर ते चार मीटर हा त्याचा जाहीर पल्ला. कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असा एकदा लिहिला जातो, आणि तो २० अंश तापमानाला खरा असतो. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे १४ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३९ अंश धरले, तर आवाजाच्या वेगात सेकंदाला सुमारे १५ मीटरचा फरक पडतो, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. मीटरभर अंतरावर साडेचार सेंटिमीटर. चक्रव्यूहाच्या घरात एवढी चूक म्हणजे भिंतीवर धडक. शिवाय भिंत तिरपी असली की प्रतिध्वनी भलतीकडे जातो, आणि चार रोबो एकत्र सोडले की एकाचा आवाज दुसरा ऐकतो.

गेल्या दहा वर्षांत यावर लेझरच्या चिमुकल्या सेन्सरांनी मात केली. एसटी कंपनीचा व्हीएल५३एल०एक्स साडेचार मिलिमीटरहून कमी लांब आहे. प्रकाश जाऊन परत यायला लागणारा वेळ तो मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर साधारण सात पिकोसेकंदांचा हिशेब लागतो, आणि एवढी कसरत तांदळाच्या दाण्याएवढ्या वस्तूत बसवली आहे, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तोही सुमारे २५ अंशांच्या शंकूत जे काही दिसेल त्याची एकत्र गोळाबेरीज सांगतो, आणि भर उन्हात त्याचा पल्ला घटतो. मायक्रोमाउसवाले आजही पुष्कळदा साधा एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टरच वापरतात, कारण पाच-दहा सेंटिमीटरवरची पांढरी भिंत त्यांना सेकंदात हजार वेळा पाहायची असते, आणि तेवढ्या जलद उत्तर देणारा दुसरा स्वस्त साक्षीदार नाही.

बाहेरचं जग पाहणं झालं; स्वतः कुठे आहोत हे कळणं त्याहून अवघड. इथे रोबो चाकांच्या फेऱ्या मोजतो. एन२० जातीच्या छोट्या गिअर मोटारीला मागे चुंबकीय एन्कोडर लावला, चाक ३२ मिलिमीटरचं घेतलं आणि चाकाच्या एका फेरीत ३६० खुणा मिळाल्या, तर एक खूण म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडं जास्त. हे ऐकून मुलांना वाटतं, आता काळजी मिटली. मग हिशेब मांडून दाखवावा लागतो. समजा, एक चाक दुसऱ्यापेक्षा एक टक्क्यानं मोठं आहे, म्हणजे फक्त तिसरा हिस्सा मिलिमीटर. रबर थोडं जास्त झिजलं तरी एवढा फरक पडतो. दोन चाकांत आठ सेंटिमीटर अंतर असेल, तर ‘सरळ’ एक मीटर गेल्यावर रोबो सात अंशांनी वळलेला असतो. आणि एन्कोडर शपथेवर सांगत असतो की आपण सरळच आलो.

मिशिगन विद्यापीठातल्या जोहान बोरेनस्टाइन आणि लिकियांग फेंग यांनी १९९०च्या दशकात यावर एक फार शहाणी चाचणी दिली. चार मीटर बाजूच्या चौकोनावर रोबो घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा, मग उलट्या दिशेनं, आणि दोन्ही वेळा तो सुरुवातीच्या जागेपासून किती चुकला ते मोजायचं. एकाच दिशेनं फिरवलं तर चाकांचा फरक आणि चाकांमधल्या अंतराची चूक एकमेकींना झाकून टाकतात; दोन्ही दिशांनी फिरवलं की त्या वेगळ्या होतात. कसलंही महागडं उपकरण न लागणारी ही चाचणी आपल्या प्रत्येक कॉलेजात सक्तीची व्हावी असं मला वाटतं. आमची मुलं ती एक मीटरच्या चौकोनावर करतात, आणि चाकाचा व्यास कोडमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत का लिहायचा हे त्यांना न सांगता समजतं.

निसर्गानं हा प्रश्न आधीच सोडवला आहे. सहारातली कॅटाग्लिफिस मुंगी भक्ष्याच्या शोधात वेडीवाकडी शेकडो मीटर भटकते आणि परतताना सरळ रेषेत वारुळाकडे येते. २००६ मध्ये विटलिंगर, वेनर आणि वोल्फ या संशोधकांनी काही मुंग्यांच्या पायांना काड्या जोडून ते लांब केले, काहींचे आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून पुढे गेल्या, आखूड पायांच्या अलीकडेच थांबून शोधू लागल्या. म्हणजे मुंगी पावलांचा हिशेब ठेवते, आणि दिशेसाठी आकाशातल्या ध्रुवित प्रकाशाचा आधार घेते. मार्सेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हाच मार्ग धरून ‘अँटबॉट’ केला. जीपीएसशिवाय, पावलं आणि आकाश एवढ्यावर तो बाहेर भटकून परत आला, आणि त्याची चूक चाललेल्या अंतराच्या एक टक्क्याच्या आतच राहिली.

दिशा कळायला आपल्या मुलांच्या हातात जायरोस्कोप असतो. एमपीयू-६०५० ही चार मिलिमीटर चौरस चिप वळण्याचा वेग सांगते. तो जमा करत गेलं की कोन मिळतो. अडचण त्या जमा करण्यातच आहे. रोबो स्थिर असताना जायरो शून्याऐवजी सेकंदाला ०.१ अंश सांगत असेल, तर मिनिटात सहा अंशांची चूक साठते, आणि त्या दिशेनं पुढचा मीटर चालला की रोबो दहा सेंटिमीटर बाजूला जातो. चुंबकसुई लावावी म्हटलं तर मोटारीचं चुंबक हातभर अंतरावरही नसतं. आमच्याजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत तर जमिनीपासून छतापर्यंत लोखंड. तिथे होकायंत्राला उत्तर सापडणं कठीण.

म्हणून शहाणपण जुळवणीत आहे. जायरो थोड्या वेळापुरता खरा, एन्कोडर घसरत नाही तोवर खरा, भिंत दिसली की भिंत खरी. कुणावर कधी किती विश्वास ठेवायचा याचं गणित रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलं आणि ते अपोलो यानांच्या मार्गनिर्देशनात वापरलं गेलं. तेच गणित आज पन्नास-शंभर रुपयांच्या चिपवर चालतं. मायक्रोमाउसमध्ये त्याचं एक साधं, देखणं रूप दिसतं: बाजूची भिंत संपली की त्या कडेची जागा नक्की माहीत असते, म्हणून त्या क्षणी साठलेली चूक पुसून टाकायची आणि हिशेब पुन्हा सुरू करायचा.

आता चालवण्याबद्दल. निकोलस मिनोर्स्की यांनी अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर सुकाणू धरणाऱ्या माणसांचं निरीक्षण करून १९२२ मध्ये जे मांडलं, ते आज पीआयडी म्हणून ओळखलं जातं. अनुभवी सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटलं एवढंच पाहत नाही. किती वेळापासून भरकटतं आहे आणि भरकटण्याचा वेग वाढतो आहे की घटतो आहे, हेही त्याच्या मनात असतं. तीन गोष्टींचे तीन आकडे. मुलं ते आकडे अंदाजानं बदलत तासन्‌तास बसतात आणि त्याला ट्यूनिंग म्हणतात. पण लहान रोबोत खरा शत्रू बहुधा या तिघांच्या बाहेर असतो: उशीर.

समजा, रोबो सेकंदाला एक मीटर धावतो. अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या दोन वाचनांमध्ये ६० मिलिसेकंद जाऊ द्यावेत अशी शिफारस असते. तेवढ्यात तो सहा सेंटिमीटर आंधळा पुढे गेलेला असतो. कळंब्यातल्या एका मुलीचा रोबो असाच लटपटत होता. तिनं तिन्ही आकडे नाना तऱ्हांनी बदलून पाहिले. शेवटी लक्षात आलं की ती प्रत्येक फेरीत सेन्सरचे आकडे लॅपटॉपकडे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं पाठवत होती. त्या वेगाला एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तिच्या अर्डुइनो बोर्डाची ६४ बाइटची रांग भरली की पुढचं सगळं थांबून राहतं. वीस अक्षरांची ओळ म्हणजे वीस मिलिसेकंद, दर फेरीला. एवढ्यात रोबो दोन सेंटिमीटर पुढे. काय चाललं आहे हे बघण्याच्या सोयीनंच रोबो बिघडवला होता. ती ओळ काढली, फेरी ठरावीक वेळानं टाइमरवर बांधली, आणि पहिलेच आकडे ठाकठीक निघाले.

बॅटरीचाही असाच छुपा हात असतो. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट देते, वापरता वापरता ७.४ वर येते. मोटारीला तोच आदेश दिला तरी वेग बदलतो, आणि सकाळी जुळवलेलं संध्याकाळी बिनसतं. बॅटरीचा व्होल्टेज एका पिनवर मोजून आदेश त्या प्रमाणात वाढवला की निम्मं काम होतं. जपानमधल्या उत्तम माऊसांमध्ये चूक झाल्यावर सुधारण्याचं काम पीआयडीकडे थोडंच उरतं. किती ताकद दिली की किती वेग येईल हे त्यांनी आधीच मोजलेलं असतं. पुढे काही माऊसांना पोटाखाली पंखा लावून जमिनीला चिकटवण्याची युक्ती निघाली, म्हणजे वळणावर चाकं घसरू नयेत. २०११ मध्ये सिंगापूरच्या एन्ग बेंग किआट यांच्या ‘मिन७’नं जपानच्या स्पर्धेत ३.९२१ सेकंदांत मध्य गाठला.

आणि हे सगळं करायला मेंदू किती लागतो? चक्रव्यूहाची २५६ घरं. प्रत्येक घराच्या चार भिंती आहेत की नाहीत हे चार बिटांत मावतं, म्हणजे १२८ बाइट. मध्यापासूनचं अंतर लिहायला आणखी २५६ बाइट. अर्डुइनो उनोच्या दोन किलोबाइट मेमरीत हे आरामात बसतं. मध्यातून पाणी सोडलं तर ते कुठल्या घरात कितव्या पायरीला पोचेल असा हिशेब करत जाणाऱ्या पद्धतीला ‘फ्लड फिल’ म्हणतात आणि तिला एवढंच पुरतं. याउलट पाच मीटर बाय पाच मीटरच्या खोलीचा सेंटिमीटरवारी नकाशा ठेवायचा तर अडीच लाख चौकोन. प्रत्येकाला एकच बिट दिला तरी ३१ किलोबाइट. जगाची रचना आधीच माहीत असली, तर मेमरी केवढी वाचते ते यातून दिसतं.

डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात गीडो द क्रून यांच्या गटानं हाच धागा उडणाऱ्या रोबोंपर्यंत नेला. २०१९ मध्ये त्यांनी तीसेक ग्रॅमच्या ड्रोनचा थवा अनोळखी इमारतीत सोडला. नकाशा बनवायचा नाही; भिंत आली की तिच्या कडेनं जायचं, आणि परतताना वायरलेस सिग्नलचा जोर वाढतो आहे का ते पाहायचं. २०२४ मध्ये ५६ ग्रॅमच्या ड्रोननं वाटेवरची थोडी चित्रं आणि मधलं अंतर एवढ्यावर परतीचा मार्ग शोधला. शंभर मीटरच्या वाटेला एक किलोबाइटसुद्धा मेमरी लागली नाही. झ्युरिकच्या ईटीएचचा मार्ग वेगळा. त्यांनी २७ ग्रॅमच्या ड्रोनवर कॅमेऱ्याचं चित्र समजून घेणारं न्यूरल नेटवर्क ६४ मिलिवॅटमध्ये, सेकंदाला सहा चित्रं इतक्या गतीनं चालवून दाखवलं. दोन्ही वाटा मला मोलाच्या वाटतात, पण आपल्या कॉलेजांनी आधी डेल्फ्टची वाट चालावी, कारण तिच्यात प्रत्येक टप्प्यावर का चाललं आणि का अडलं हे कळतं.

रोबो आणखी लहान केला की निसर्गाचे नियमच बदलल्यासारखे वाटतात. लांबी दहापट कमी केली की पृष्ठभाग शंभरपट घटतो आणि आकारमान हजारपट. बॅटरी आकारमानात असते. हार्वर्डच्या रॉबर्ट वुड यांच्या गटाची ‘रोबोबी’ ८० मिलिग्रॅमची. २०१३ मध्ये ती ताब्यात राहून उडाली खरी, पण वीज आणि मेंदू दोन्ही बारीक तारेच्या दुसऱ्या टोकाला, टेबलावर होते. २०१९ मध्ये तिच्या पुढच्या पिढीनं तार सोडून, सोलर सेलवर, क्षणभर उड्डाण केलं. तेही सूर्यापेक्षा सुमारे तिप्पट प्रखर प्रकाशात. २०२५ च्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनच्या गटांनी २०० बाय ३०० बाय ५० मायक्रोमीटरचा, मिठाच्या कणाहून लहान रोबो जाहीर केला. त्यात स्वतःचा संगणक, प्रकाशावर चालणारे सेल आणि तापमानाचा सेन्सर आहे. अंशाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत तो तापमान ओळखतो. आणि ते सांगतो कसं? अँटेनाला जागा नाही, म्हणून ठरावीक लकबीत हलून. सूक्ष्मदर्शकाखालचा कॅमेरा ती लकब वाचतो. जी गोष्ट बाहेरच्यावर टाकता येते ती रोबोत घालायची नाही, हे इतकं टोकाला नेलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

एकट्यानं जमत नाही ते अनेकांनी करावं, हाही एक मार्ग. हार्वर्डमध्ये मायकेल रुबेनस्टाइन आणि राधिका नागपाल यांनी २०१४ मध्ये १,०२४ ‘किलोबॉट’ एकत्र चालवले. प्रत्येक ३३ मिलिमीटरचा, चाकांऐवजी दोन कंपन मोटारी, आणि या कामासाठी जाणीव एकच: टेबलावरून परावर्तित झालेल्या इन्फ्रारेडच्या तेजावरून शेजारी किती दूर आहे. आपण टेबलावर नक्की कुठे आहोत हे कुणालाच थेट मोजता येत नाही. तरी चार रोबो मूळ खुणा धरून उभे राहिले आणि बाकीच्यांनी शेजाऱ्यांना विचारत विचारत बारा तासांच्या आसपास तारा काढला.

गोदामांतले रोबोही थव्यानं चालतात, पण हा प्रश्न त्यांनी उलट्या बाजूनं सोडवला. अमेझॉननं २०१२ मध्ये विकत घेतलेल्या कीव्हा कंपनीच्या रोबोंना पोटाखाली कॅमेरा आहे आणि जमिनीवर ठरावीक अंतरानं चौकोनी कोड चिकटवलेले आहेत. जग समजण्याचं ओझं जमिनीनं उचललं. पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स पार्सलं वाटणाऱ्या लहान रोबोंचे थवे बनवते. ज्या क्षेत्रात आपल्याकडे पैसा, काम आणि अभियंते एकत्र आले, त्याचं हे जवळचं उदाहरण.

आपल्या भागाकडे पाहताना मला आशा वाटते, आणि तिला कारण आहे. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत धातू हाताळणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. दोन चाकं एकसारख्या व्यासाची खरवडून देणारा टर्नर इथे चालत जाऊन भेटतो, आणि एक टक्क्याचा फरक काय करतो ते वर पाहिलंच. आयआयटी मुंबईत प्रा. कवी आर्य यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पानं कॉलेजांत प्रयोगशाळा उभारून दिल्या, शिक्षकांना तयार केलं आणि २०१२ पासून स्पर्धा सुरू केली. ‘फायरबर्ड’ रोबोवर शिकलेली मुलं आता ठिकठिकाणी भेटतात. २०१४ मध्ये आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. उणीव जाणवते ती मोजून लिहून ठेवण्याच्या सवयीची. रोबो चालला की टाळ्या पडतात आणि कुठल्या जमिनीवर, किती उजेडात, किती व्होल्टला चालला याची नोंद कुठेच राहत नाही. पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आमच्या हॉलमध्ये आता एक जाड वही आहे: लाद्या, शहाबादी फरशी, फ्लेक्स, सनमायका, यांवर सकाळ-दुपार-रात्री सेन्सरनं काय सांगितलं, एवढंच त्यात लिहायचं. सगळ्यांत जास्त उघडली जाते ती तीच.

मुलांच्या मनात सध्या उसाचा फड आहे. सरींमधून फिरून पानांखालची ओल आणि कीड पाहणारा लहान रोबो त्यांना करायचा आहे. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी जीपीएस आणि कॅमेऱ्याचं नाव घेतलं. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटर, आणि दोन सरींमधलं अंतर साडेचार-पाच फूट. म्हणजे रोबो कुठल्या सरीत आहे हेच त्याला कळणार नाही. सेंटिमीटरचं जीपीएस मिळतं, पण त्याचा खर्च रोबोच्या कितीतरी पट. कॅमेऱ्यापुढे पाचट, धूळ आणि सावली. फडात दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि वाट जवळजवळ सरळ आहे. ही जवळजवळ तीच चक्रव्यूहाची भिंत. एका मुलानं स्कूटरच्या क्लचची जुनी तार कापून तिच्या मुळाशी छोटा स्विच बसवला आणि रोबोच्या दोन्ही बाजूंना मिशा लावल्या. ऊस लागला की मिशी वाकते, रोबो दुसरीकडे सरकतो. कोरड्या सरीत तो चालतो. ओल्या सरीत चाकं जागच्या जागी फिरतात आणि एन्कोडर अंतर मोजत राहतो, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. घसरलेलं चाक ओळखायला मोटारीचा करंट मोजावा की जमिनीकडे पाहणारा, संगणकाच्या ऑप्टिकल माऊसचा सेन्सर लावावा, यावर सध्या वाद चालू आहे. चिखल उडाला की भिंग झाकलं जाईल, म्हणून मी करंटच्या बाजूनं आहे.